सात्या की विषारी छत्री? डीएनए काय सांगतो, काय सांगत नाही



पावसाळा लागला, विहारात वर्षावासाचे वाचन सुरू झाले, की वाचन संपल्यावरच्या गप्पांत एक विषय हमखास येतो. कोणाच्या गावाहून टोपलीभर सात्या आल्या आहेत, तर कोणाला वस्तीमागच्या पडीक जागेत पांढऱ्या छत्र्या दिसल्या आहेत. त्या खायच्या का, हा प्रश्न जुनाच आहे. आता शाळेत जाणारी मुले त्याला एक नवा प्रश्न जोडतात. डीएनएवरून बाप कोण ते कळते, गुन्हेगार कोण ते कळते, मग छत्री विषारी आहे का ते का कळू नये?

प्रश्न चोख आहे. समोरची छत्री कोणत्या प्रजातीची आहे हे डीएनएवरून कळते, आणि पुष्कळदा डोळ्यांपेक्षा खात्रीने कळते. पण ती विषारी आहे का, हे ही तपासणी स्वतःहून सांगत नाही. आणि कढई चुलीवर असताना तर ती मुळीच कामाला येत नाही. मग आपल्याला तिचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो जीव वाचवणारा आहे. फक्त त्याची जागा स्वयंपाकघरात नाही.

(पुस्तकांत 'प्रजाती'ऐवजी पुष्कळदा 'जात' असे लिहितात. आपण प्रजातीच म्हणू. तो दुसरा शब्द आपल्याला पुरेसा भोवला आहे.)

एका नावाखाली अनेक छत्र्या

पूर्व विदर्भात सात्या आणि टेकोडे, कोकणात अळंबी, गोव्यात अळमी. जे खात नाहीत त्या सगळ्याला सरसकट कुत्र्याची छत्री. आपली नावे अशी 'खायची' आणि 'न खायची' या हिशेबाने पडलेली आहेत. त्यात चूक काही नाही, भाजीवाल्याचा हिशेबही तसाच असतो. पण निसर्गाचा हिशेब तसा नाही.

वारुळावर उगवणाऱ्या सात्यांचेच घ्या. शास्त्रज्ञ या गटाला टर्मिटोमायसिस म्हणतात आणि त्यात अनेक प्रजाती आहेत. काही बोटाच्या पेरापेक्षा लहान टोपीच्या, काही ताटाएवढ्या. आफ्रिकेत सापडणाऱ्या एका प्रजातीची टोपी तर मीटरभर रुंद होऊ शकते. वाळवी या बुरशीची जमिनीखाली अक्षरशः शेती करते. पालापाचोळा आणि लाकूड चावून ती त्याचे मऊ पोळे बनवते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. पाऊस पडला की त्या पोळ्यातून मुळासारखा लांब दांडा वर येतो आणि जमिनीवर छत्री उघडते. ही शेती वाळवीला जमते, माणसाला व्यापारी पातळीवर अजून जमलेली नाही. म्हणून सात्या मटणाच्या भावाने विकल्या जातात, आणि म्हणूनच सात्यांसारखे दिसणारे काहीही टोपलीत शिरण्याचा धोका राहतो.

छत्री म्हणजे झाड नव्हे, हेही इथेच सांगून ठेवतो. बुरशीचे खरे अंग म्हणजे माती-लाकडात पसरलेले पांढरे धागे. छत्री हे तिचे फळ, बीजाणू उडवण्यापुरते चार दिवस वर आलेले. डीएनएच्या अभ्यासातून आणखी एक गंमत निघाली. बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना, म्हणजे तुम्हा-आम्हाला, जास्त जवळची आहे.

डोळा कुठे चुकतो

मैदानात, बागेच्या हिरवळीवर, शेणखताच्या ढिगाजवळ पावसाळ्यात एक मोठी, पांढरी, वर तपकिरी खवले असलेली छत्री उगवते. शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. दिसायला देखणी, मांसल, वासही वाईट नाही. टोपीखाली पुस्तकाच्या पानांसारखी जी पाती असतात ती लहानपणी पांढरी असतात. छत्री जून झाली की ती हिरवट पडतात, कारण तिचे बीजाणू हिरवे असतात. म्हणजे कोवळी असताना, नेमकी खायला चांगली वाटते तेव्हा, तिची खूण दिसतच नाही. जगातल्या उष्ण प्रदेशांत छत्र्यांमुळे होणाऱ्या विषबाधेच्या मोठ्या कारणांपैकी ही एक आहे, आणि आपल्या देशातही ती उगवते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या, पोटात मुरडा, जुलाब, कधी रक्तही पडते. मोठा माणूस बहुधा वाचतो. लहान मुलाच्या अंगातले पाणी गेले तर त्याच्या जिवावर बेतते.

याहून भयंकर गट अमॅनिटा. त्यातली 'मृत्यूची टोपी' म्हणून ओळखली जाणारी अमॅनिटा फॅलॉइडिस मूळची युरोपातली. झाडांच्या मुळांशी तिचा संसार असतो. रोपांच्या मातीतून ती अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात पोहोचली. तिथे तिच्या बळींमध्ये कोण सापडले पाहा. कॅलिफोर्नियात लाओसहून आलेली ह्मोंग कुटुंबे तिला आपल्या देशातली भाताच्या पेंढ्यावरची चवदार अळंबी समजून खाऊन बसली. २०१२ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा शहरात नववर्षाच्या जेवणातून दोन माणसे दगावली. त्यातला एक व्यवसायाने आचारी होता, चीनमधून आलेला. ही माणसे अडाणी नव्हती, हे लक्षात घ्या. त्यांचे ज्ञान खरे होते, पण ते त्यांच्या गावच्या मातीचे होते. गाव सुटले, माती बदलली, आणि तोच ओळखीचा चेहरा दुसऱ्याच कोणाचा निघाला.

आपल्या वस्त्यांची गोष्ट वेगळी नाही. आजीला गावच्या बांधावरचे कोणते वारूळ सात्या देते ते ठाऊक होते. किती वर्षे खाल्ल्या तेही ठाऊक होते. ती नजर आजीबरोबर शहरात आली, पण वारूळ आले नाही. कारखान्याच्या भिंतीमागच्या राडारोड्यावर जे उगवते ते आजीने कधी पाहिलेलेच नसते.

आणि मग माणूस घरगुती परीक्षांकडे वळतो. चांदीचे नाणे टाकून ते काळे पडते का पाहणे. लसणाची पाकळी किंवा तांदूळ टाकून रंग बदलतो का पाहणे. किड्यांनी खाल्ली आहे म्हणजे चांगली, गाईने खाल्ली म्हणजे चांगली, टोपीचे साल निघते म्हणजे चांगली, चिंच घालून उकळली की विष उतरते. यातली एकही परीक्षा खरी नाही. मृत्यूच्या टोपीचे साल छान निघते. तिने चांदी काळी पडत नाही. किडे आणि गोगलगाई तिला आनंदाने खातात. तिच्यातले अमॅटॉक्सिन नावाचे विष उकळून, वाळवून किंवा फ्रिजमध्ये ठेवून मरत नाही. मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणारी ॲपही याच रांगेत बसवा. फोटो म्हणजे पुन्हा डोळाच, आणि तोही एका बाजूने पाहणारा.

डीएनएची तपासणी होते कशी

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो. त्यावर चार अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. ती अक्षरे म्हणजे ए, टी, जी आणि सी. छत्रीची टोपी पावसाने धुऊन निघो, गोगलगाईने कुरतडो, वाळून कोळ होवो, मजकूर तोच राहतो. म्हणूनच टोपीचा रंग, वय, आकार यांवर विसंबण्यापेक्षा हा मजकूर वाचणे पक्के.

पण पूर्ण मजकूर कोट्यवधी अक्षरांचा. सगळा कोण वाचत बसणार? २००३ साली कॅनडातले पॉल हेबर्ट यांनी सुचवले की प्रत्येक प्राण्याच्या डीएनएतला एकच ठरावीक छोटा तुकडा वाचावा, दुकानातल्या मालावरची बारकोडची पट्टी वाचावी तसा. बुरशीसाठी कोणता तुकडा घ्यायचा यावर बराच खल झाला. २०१२ साली अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी मिळून आयटीएस नावाचा तुकडा सुचवला. तो साधारण ५०० ते ७०० अक्षरांचा असतो.

हाच का? चाळीतल्या घरांची रांग डोळ्यांसमोर आणा. भिंती सगळीकडे सारख्या, पण दोन घरांमधल्या जागेत कोणी रांगोळी काढतो, कोणी तुळस लावतो, कोणी सायकल ठेवतो. पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्राची जनुके या भिंतींसारखी असतात. त्यात बदल झाला तर पेशी जगत नाही, म्हणून ती सगळ्या बुरशींत जवळपास सारखी. त्यांच्या मधली मोकळी जागा म्हणजे आयटीएस. तिथे बदल झाला तरी कोणाचे बिघडत नाही, म्हणून प्रत्येक प्रजातीची तिथली नक्षी हळूहळू वेगळी होत गेली. शास्त्रज्ञ भिंती पकडतात आणि मधली नक्षी वाचतात. भिंती पकडणारे जे छोटे रासायनिक तुकडे आजही वापरले जातात, त्यांची माहिती १९९० सालीच छापली गेली होती.

प्रयोगशाळेत छत्रीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. तो कुटून, गरम द्रावणात पेशी फोडून डीएनए वेगळा काढतात. मग पीसीआर. हे नाव कोरोनाच्या काळात आपल्या सगळ्यांच्या नाकातून गेले आहे. नमुना साधारण ९५ अंशांवर तापवला की डीएनएचे दोन पदर सुटतात. मग तापमान उतरवून नेमक्या जागी ते छोटे तुकडे चिकटवतात, आणि ७२ अंशांच्या आसपास एक प्रथिन प्रत्येक पदराची नवी प्रत बनवते. एकाचे दोन, दोनाचे चार. अशा ३० फेऱ्या झाल्या की एका तुकड्याच्या शंभर कोटींहून जास्त प्रती होऊ शकतात. ही युक्ती अमेरिकेच्या कॅरी मलिस यांना १९८३ साली सुचली आणि १९९३ साली त्यांना नोबेल मिळाले.

कोरोनाच्या चाचणीत आणि इथे एक फरक आहे. तिथे प्रश्न होता, तो एक ठरावीक विषाणू आहे की नाही? इथे प्रश्न आहे, हा कोण आहे? म्हणून प्रती बनवून थांबता येत नाही, त्यातले अक्षर न् अक्षर वाचावे लागते. वाचलेला मजकूर मग जगभरच्या सार्वजनिक साठ्यांशी ताडून पाहतात. जेनबँक हा असा एक साठा, आणि खास बुरशीसाठीचा युनाइट हा दुसरा. तिथे ज्याच्याशी मजकूर जवळजवळ पूर्ण जुळेल, त्याचे नाव पुढे येते.

या पद्धतीची ताकद दाखवणारे एक उदाहरण लंडनचे आहे. २०१४ साली तिथल्या क्यू उद्यानातल्या दोन शास्त्रज्ञांनी दुकानातून वाळवलेल्या महागड्या अळंबीचे एक साधे पाकीट आणले. माल चीनहून आलेला होता. त्यातले १५ तुकडे काढून त्यांनी त्यांचे डीएनए वाचले. पाकिटावर नाव एकच, पण आत तीन प्रजाती निघाल्या. आणि त्या तिन्हींना तोवर विज्ञानात नावच नव्हते. लोक विकत होते, शिजवत होते, जेवत होते, आणि शास्त्राच्या वहीत त्यांची नोंद नव्हती. सुदैवाने त्या खाण्याच्याच होत्या.

जिथे ही तपासणी अडते

अहवालात नाव येते, 'खा' किंवा 'खाऊ नका' असे लिहून येत नाही. त्या नावाची छत्री विषारी आहे का, हे आधी कोणाच्या तरी आजारपणातून किंवा रासायनिक तपासणीतून माहीत झालेले असावे लागते. नातेही फसवे असते. जिची पाती हिरवी पडतात त्या क्लोरोफायलमच्या अगदी जवळच्या काही बहिणी युरोपात खाल्ल्या जातात. डीएनए वाचल्यावरच कळले की त्या दुसऱ्या गटातल्या नसून हिच्याच घरातल्या आहेत. उलट अमॅटॉक्सिन हे एकच विष अमॅनिटा, गॅलेरिना आणि लेपिओटा अशा तीन वेगवेगळ्या घराण्यांत सापडते. लेपिओटा तर गवतात उगवणाऱ्या लहानशा छत्र्या. काही लेपिओटा जीवघेण्या आहेत, आणि त्यांच्या बुडाशी अमॅनिटासारखी पिशवी नसते. 'बुडाशी पिशवी नाही, म्हणजे बिनधोक' असे सांगणाऱ्याला हे सांगा.

साठ्यांतही गोंधळ असतो. २००६ साली तपासणाऱ्यांना आढळले की सार्वजनिक साठ्यातल्या बुरशीच्या मजकुरांपैकी सुमारे पाचातल्या एकावरचे प्रजातीचे नाव चुकीचे असू शकते. कोणी तरी आधी छत्री चुकीची ओळखली, मग तिचा डीएनए बरोबर वाचून चुकीच्या नावाने जमा केला. म्हणून चांगला तपासनीस अहवालावर सही करण्याआधी छत्रीही पाहतो, बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, आणि शंका असेल तर डीएनएचा आणखी एखादा तुकडा वाचतो. काही जवळच्या प्रजाती एकट्या आयटीएसवरून वेगळ्या ओळखता येतच नाहीत.

आणि वेळ लागतो. नमुना पोहोचणे, डीएनए काढणे, वाचणे, ताडणे यात दिवस जातात. अमॅटॉक्सिन पोटात गेलेल्या माणसाकडे तेवढे दिवस नसतात. म्हणून कमी वेळात होणाऱ्या पद्धतींवर काम चालू आहे. एकाच तापमानावर, छोट्या साधनात होणारी डीएनए चाचणी मृत्यूच्या टोपीसाठी करून पाहिली गेली आहे. इटलीतल्या संशोधकांनी २०१० साली चार विषारी प्रजातींसाठी अशा चाचण्या मांडल्या, की शिजवलेल्या भाजीतून किंवा रुग्णाच्या पोटातून काढलेल्या अन्नातूनही प्रजाती ओळखता यावी. अमेरिकेत २०२० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. डीएनए सोडून थेट विषच शोधणारी, गरोदरपणाच्या चाचणीसारखी पट्टी त्यांनी बनवली. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात यातले काही मिळेल असे धरून चालू नका.

मग आपल्याला काय?

एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या वरच्या भागातले चहामळ्यांत राबणारे लोक रानातली अळंबी खाऊन दिब्रुगडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात भरती झाले. काही दिवसांत १३ जण दगावले, त्यात लहान मूलही होते. आसामात अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात. मरतो तो मळ्यातला मजूर, ज्याला फुकट मिळालेली भाजी हा घरखर्चात मोठा आधार असतो.

चीनच्या युनान प्रांतातली हकीकत याहून बोलकी आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून तिथल्या डोंगराळ खेड्यांत पावसाळ्यात धडधाकट माणसे अचानक हृदय बंद पडून मरत. असे सुमारे ४०० मृत्यू झाले. तपासकर्त्यांना अखेर संशय आला एका लहान, पांढऱ्या, बेचव छत्रीचा. गावकरी रानातल्या महागड्या अळंबी बाजारात विकत, आणि जिला कोणी गिऱ्हाईक नाही ती ही छत्री घरी शिजवत. २०१२ साली तिला ट्रोजिया व्हेनेनाटा हे शास्त्रीय नाव मिळाले. त्याआधीच गावोगावी 'ही खाऊ नका' असा प्रचार सुरू झाला होता, आणि त्यानंतर मृत्यू एकदम कमी झाले.

नेमकी छत्री कळल्याशिवाय नेमका इशारा देता येत नाही. आपल्याकडे बातमी येते, 'अन्नातून विषबाधा, चौघे रुग्णालयात.' कोणती छत्री, कुठे उगवली होती, काही कळत नाही. पुढच्या पावसात त्याच जागी तीच छत्री उगवते, आणि शेजारचे कुटुंब ती तोडते. चीनमध्ये आता देशपातळीवर अशा घटनांचे नमुने गोळा होतात. छत्रीची ठेवण आणि डीएनए दोन्ही तपासून प्रजाती ठरवतात. एकट्या २०२० मध्ये त्यांनी अशा ६७६ घटनांची नोंद केली. त्यात १,७१९ माणसे आजारी पडली आणि २५ दगावली. १०० हून अधिक प्रजाती नावानिशी ओळखल्या गेल्या, आणि त्यातल्या २४ विषारी आहेत हे त्या देशात पहिल्यांदाच नोंदले गेले. डीएनएची खरी जागा ही आहे. आजच्या रुग्णाला ती उशिरा पडेल, पण पुढच्या घरासाठी वेळेवर असते.

आपल्या राज्यात हे करणारी जागा नाही असे नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तिथे बुरशी ओळखून देण्याची सोय आहे. अळिंबीवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था हिमाचलात सोलन येथे आहे. अडचण एवढीच, की नमुना तिथवर पोहोचला पाहिजे. आणि तो बहुधा घरातूनच नाहीसा होतो, कारण घाबरलेली घरची मंडळी पहिल्यांदा कढई घासून टाकतात.

म्हणून आता कामाचे. आमचे स्पष्ट मत असे, की वस्तीच्या आसपास, मैदानात, राडारोड्यावर, नाल्याकाठी उगवलेली छत्री खाऊच नये, कोणी कितीही खात्री दिली तरी. गावाहून आलेल्या सात्या पिढ्यानपिढ्या तोडणाऱ्या माणसाने, त्याच नेहमीच्या वारुळावरून, बुडापासून अख्ख्या उपटून आणल्या असतील तरच विचार करा. कापलेल्या, वाळवलेल्या, मिसळलेल्या टोपलीतल्या नकोत. अळंबीची हौस असेल तर बाजारात धिंगरी आणि बटण अळिंबी मिळते. धिंगरी तर सोयाबीनच्या किंवा गव्हाच्या काडावर, पिशवीत, अंधाऱ्या खोलीत घरीही वाढते. बचत गटांनी मनावर घ्यावे असा हा धंदा आहे, त्यावर पुढे कधी तरी सविस्तर लिहू. पौष्टिक म्हणून तिचे फार कौतुकही नको. ताज्या अळिंबीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते, ती डाळीची जागा घेत नाही.

तरीही खाल्ली गेली आणि उलटी-जुलाब सुरू झाले, तर घड्याळ पाहा. खाल्ल्यावर दोन-तीन तासांत त्रास सुरू झाला तर तो बहुधा पोटापुरता असतो. सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा, बहुधा रात्री जेवून पहाटे, त्रास सुरू झाला तर धोका फार मोठा. अमॅटॉक्सिन असेच वागते. आपल्या पेशीत डीएनएवरच्या मजकुराची नक्कल उतरवणारे जे यंत्र आहे, त्यालाच ते अडवते. सर्वांत आधी यकृत बळी पडते. दुसऱ्या दिवशी जुलाब थांबतात, माणूस चहा मागतो, घरच्यांना वाटते बरा झाला. त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात. तेव्हा मोठ्या रुग्णालयातही हातात फारसे उरलेले नसते. आणि एकाच भाजीत दोन प्रकारच्या छत्र्या असू शकतात, म्हणून लवकर उलटी झाली तरी निर्धास्त राहू नका.

१०८ ला फोन करा. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, ज्याला काहीच होत नाही त्यालाही. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. शुद्धीत असेल तर जलसंजीवनी घोट-घोट द्या, बाकी डॉक्टरांवर सोडा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की रानातली छत्री खाल्ली आहे. किती वाजता खाल्ली, कोणी किती खाल्ली, पहिली उलटी कधी झाली, हे कागदावर लिहून न्या. लाजेने किंवा पोलिसांच्या भीतीने हे लपवणारी घरे असतात. लपवलेला एक तास रुग्णाच्या हिशेबातून जातो.

आणि कढई घासू नका. उरलेली भाजी स्वच्छ झाकणाच्या डब्यात भरा. न शिजवलेली छत्री उरली असेल तर ती, नसेल तर जिथून तोडली तिथे उगवलेली दुसरी, बुडाखालच्या मातीसकट अख्खी उपटून वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजून कुजते. टाकून दिलेली देठे आणि सालेही चालतील, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो हे वर सांगितलेच आहे. पुडी थंड जागी ठेवा आणि रुग्णाबरोबर पाठवा. पुडीवर तारीख आणि छत्री कुठून तोडली ती जागा लिहा. रुग्णालयाने ती टाकून देऊ नये, तपासणीला पाठवावी, अशी मागणी लेखी करा आणि त्या अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवा.